भरतीच्या वेळी पाखरे जातात कुठे?

आमच्या शेजारच्या वकीलसाहेबांची कन्या लग्न होऊन इंग्लंडात गेली, त्याला आता चार वर्षे झाली. दर दिवाळीला तिच्याकडून फोटो येतात. पूर्वी असे फोटो जाड पाकिटातून येत आणि पाकीट फोडण्याचा मान घरच्या कर्त्या पुरुषाचा असे. आता ते वहिनींच्या मोबाईलवर येतात आणि अर्ध्या तासात साऱ्या गल्लीचे पाहून होतात. यंदाच्या फोटोत एक उघडी होडी होती, होडीत कानटोप्या घातलेली पंधरावीस माणसे होती आणि समोर वाळूच्या पट्ट्यावर, मोंढ्यात पोत्यांची थप्पी कलंडावी तशी, पन्नाससाठ जनावरे लोळत पडली होती.

"ही पाणमांजरं का हो भाऊजी?" वहिनींनी आम्हांस विचारले.

पाणमांजरे नव्हेत. ते सील. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर नॉरफोक म्हणून परगणा आहे. तिथे ब्लेकनी पॉइंट नावाची वाळू-गोट्यांची एक लांबलचक जीभ समुद्रात शिरली आहे. तिच्यावर करड्या सीलांच्या माद्या हिवाळ्यात येऊन वितात. एकेका हंगामात हजारो पिल्ले जन्मतात. जवळच्या मॉर्स्टन गावातून ती पाहायला होड्या सुटतात. होडी जवळ जाते पण अंगावर जात नाही, आणि विणीच्या दिवसांत तिथे उतरायचे तर नावच काढायचे नाही. मौज अशी, की या होड्यांना ठरलेली वेळ नाही. आज दहाला सुटली तर उद्या अकराच्या सुमारास. कारण गावाची खाडी ओहोटीला कोरडी पडते, आणि होडीला पाणी लागते! तिकडे हॉलंड, जर्मनी आणि डेन्मार्क या तिघांच्या किनाऱ्याला लागून असाच एक उथळ समुद्र आहे, वाडन समुद्र. ओहोटीला त्याचा तळ मैलोन्‌मैल उघडा पडतो. तिथेही सील आणि किनाऱ्यावरचे पक्षी पाहायला लोक लोटतात. २००९ साली युनेस्कोने त्याचा जागतिक वारशात समावेश केला.

हे सारे ऐकून घेऊन वहिनी म्हणाल्या, "त्यांचं नशीब. आपल्याकडे असलं काही नाही बाई."

वहिनींचे हे वाक्य आम्हांला मान्य नाही, म्हणून यंदाचा मजकूर त्यावरच लिहीत आहोत. सील आपल्याकडे नाहीत, हे खरे. भारताच्या किनाऱ्यावर त्यांची वस्ती नाही. पण बाकी सगळा सरंजाम आहे. पाण्याच्या वेळेवर सुटणारी होडी आहे, नावे सांगणारा वाटाड्या आहे, ओहोटीला उघडा पडणारा विस्तीर्ण पट्टा आहे. त्या पट्ट्यावर उत्तर ध्रुवाच्या कडेवरून आलेली पाखरे आहेत आणि सीलांची उणीव भरून काढायला रोहित आहेत, एखाददुसरा नव्हे तर हजारोंनी. हे सारे ठाण्याच्या खाडीत आहे, आणि जालन्याहून गाडीत बसल्यावर दिवस मावळण्याआधी तिथे पोहोचता येते.

आता जालन्याच्या माणसाला भरती-ओहोटी म्हणजे काय हे अनुभवाने ठाऊक असण्याचे कारण नाही. समुद्र आपल्यापासून तीनशे किलोमीटरहून दूर. आपल्या विहिरीचे पाणी उतरते ते उन्हाळ्यात, आणि चढते ते पावसाने चढवले तर. दिवसातून दोनदा चढणारे आणि दोनदा उतरणारे पाणी ही आपल्याला पुस्तकातली गोष्ट. पण कोकणकिनाऱ्यावरच्या कोळ्यांचा एक साधा हिशेब आहे, तो भिंतीवरच्या पंचांगावरून जालन्यात बसूनही करता येतो. तिथीला पाऊणाने गुणायचे. येईल तितक्या वाजता मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चार पाऊण तीन; दुपारी तीनला भरती आणि पहाटेही तीनच्या आसपास. अष्टमीला आठ पाऊण सहा. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. दिवसाला पाऊण तासाच्या वर थोडी मिनिटे वेळ पुढे सरकते, म्हणून हा पाऊणाचा गुणाकार. शाळेत पाऊणकी कशाला पाठ करायला लावतात, असे आमचे धाकटे विचारी. त्याला आता उत्तर मिळाले आहे.

पौर्णिमा-अमावास्येला चंद्र आणि सूर्य एका रेषेत ओढतात, तेव्हा उधाण येते. मुंबईस त्या वेळी पाणी साडेचार मीटरांच्याही वर चढते आणि उतरतेही तितकेच खोल. सप्तमी-अष्टमीच्या सुमारास भांग असते. तेव्हा पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण दारात पणत्या लावतो, त्या वेळी मुंबईच्या खाड्यांतले पाणी पार उतरलेले असते आणि चिखल मैलभर उघडा असतो. अमावास्या ती! बारा वाजता भरती, सहाला ओहोटी. पंचांग पाहून ताडून घ्या. ठाण्याच्या खाडीत जितके आत जावे तितका थोडा उशीर धरावा, एवढेच.

गेल्या फाल्गुनात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. नांदेडहून येणारी वंदे भारत सकाळी जालन्याला येते. ही गाडी २०२३ च्या डिसेंबरात जालन्याहूनच सुरू झाली होती, २०२५ च्या ऑगस्टपासून ती नांदेडपर्यंत नेली. त्यावर गावात जी चर्चा झाली ती इथे नको. ठाण्याला उतरून रात्र नातलगांकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी वाशीकडे जाणाऱ्या लोकलने ऐरोली गाठली. वनखात्याचा कांदळवन कक्ष २०१२ साली स्थापन झाला. खाडीतील तिवरांचे, म्हणजे कांदळवनाचे रक्षण हे त्याचे काम. त्याचे किनारी आणि सागरी जैवविविधता केंद्र ऐरोलीस खाडीलगत आहे आणि होड्या तिथून सुटतात. खाडीचा हा भाग २०१५ च्या ऑगस्टात अभयारण्य म्हणून जाहीर झाला: सुमारे १,६९० हेक्टर, त्यात निम्म्याहून थोडी अधिक तिवरे आणि उरलेले पाणी व चिखल. पुढे २०२२ साली रामसर करारातील पाणथळांच्या यादीतही ठाणे खाडीचे नाव लागले.

होडीत बसण्याआधी केशरी जाकिटे घालावी लागतात. आमच्या सौ. नी ते नऊवारीवरून घातले आणि कुणी फोटो काढू नये अशी ताकीद दिली. अर्थात चारजणांनी काढला. होडी चालवणारे खाडीकाठच्या कोळीवाड्यातले, वयाने आमच्या बरोबरीचे, जन्म सारा याच पाण्यावर गेलेला. बरोबर नावे सांगायला एक तरुण मुलगा होता. त्याने पहिल्यांदाच बजावले: उभे राहायचे नाही, ओरडायचे नाही, आणि पाखरे उडवून दाखवा असे कुणी म्हणायचे नाही. हे शेवटचे सांगावे लागते यातच सगळे आले.

होडीची वेळ साधणे ही तिथली खरी विद्या आहे. पाणी फार उतरले तर होडी गाळात रुतते, आणि फार चढले तर चिखल बुडतो व पाखरे उठून जातात. मधला दीड-दोन तासांचा वेळ तेवढा कामाचा. पाणी चढू लागलेले असावे, चिखलाची पट्टी हळूहळू अरुंद होत असावी, आणि लांबवर पांगलेली पाखरे पाण्याच्या पुढे पुढे सरकत होडीच्या नजरेच्या टप्प्यात यावीत, असा तो मुहूर्त.

तसेच झाले. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, मागे उंच इमारती, विजेचे मनोरे, पूल. आणि समोर चिखलावर गुलाबी रेघ. होडी जवळ गेली तशी रेघेला पाय फुटले. मग माना फुटल्या. रोहित पक्षी पुस्तकात पाहिलेला निराळा आणि चार-पाच हजार रोहित एका वेळी खाली मान घालून जेवत आहेत ते पाहणे निराळे. शंभर पंगती बसल्या आहेत आणि एकही जण वर पाहत नाही! त्यांची जेवणाची तऱ्हा विलक्षण. चोच उलटी करून पाण्यात बुडवायची, जिभेने पाणी आत-बाहेर खेळवायचे आणि चोचीच्या कडेच्या बारीक जाळीत जे अडकेल ते गिळायचे. गाळणीने चहा गाळावा, पण चहा टाकून चोथा ठेवावा, तसे. ठाण्याच्या खाडीत बहुसंख्य आहेत ते लहान रोहित. त्यांचे मुख्य अन्न पाण्यातले सूक्ष्म शैवाल. पिसांचा गुलाबी रंग या अन्नातूनच येतो. आणि हे शैवाल तिथे इतके माजते याला शहराच्या सांडपाण्याचाही हातभार असावा, असे अभ्यासक सांगतात. मुंबईने आपली घाण खाडीत सोडावी आणि त्यावर रोहितांनी जेवावे, हा व्यवहार ऐकून सौ. नी तोंडाला पदर लावला. परंतु तोही हिशेब बेताचाच चालतो. घाणीबरोबर कारखान्यांची विषेही येतात, आणि शैवालाच्या जागी नुसता गाळ साचला तर पंगत उठते.

मुंबईच्या या भागात रोहित मोठ्या संख्येने दिसू लागले ते १९९० नंतर. त्याआधीच्या पिढीच्या मुंबईकराला शिवडीचा धक्का ठाऊक होता, पण रोहितांसाठी नव्हे. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी ही १८८३ साली स्थापन झालेली जुनी संस्था त्यांची मोजणी करते. २०१९ च्या जानेवारीत ती एक लाखाच्या वर भरली. हे पक्षी अंडी घालतात ते मुख्यतः कच्छच्या रणात. साधारण नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईस येतात, मे संपता संपता जातात.

रोहितांपुढे इतरांकडे कोणी पाहत नाही, हा त्यांच्यावर अन्याय आहे. त्या मुलाने दुर्बीण हाती दिली आणि चिखलाच्या अगदी कडेला काय पळते आहे ते पाहा म्हणाला. चिमणीहून किंचित मोठी, राखाडी, सारखी टोचे मारीत धावणारी पाखरे. ते टिलवे. छोटा टिलवा वजनाने छटाकभरही नाही, दोन-अडीच तोळे. तो अंडी घालतो सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जिथे झाड उगवत नाही, आणि पावसाळा सरता सरता आपल्या किनाऱ्याला लागतो. दरवर्षी जातो, दरवर्षी येतो. त्याच्या शेजारी लांब चोचीचे मालगुजे होते, लाल काटकुळ्या पायांचे शेकाटे होते, टोकाशी वर वळलेल्या चोचीचे उचाटे होते, आणि डोक्यावरून कुरव ओरडत होते. आपल्या स्वयंपाकघरात पळी, झारा, उलथणे अशी वेगवेगळी हत्यारे असतात, तशा या चोची. टिलव्याची आखूड चोच वरवरचे टिपते, मालगुज्याची लांब चोच खोल गाळातली अळी ओढून काढते, उचाट्याची चोच पाण्यावरून आडवी फिरते. एकाच चिखलात इतकी कुटुंबे एकमेकांच्या ताटात हात न घालता जेवतात. चाळीत अशी सोय असती तर!

आमचा नातू तोवर गप्प होता. पाणी चढत चालले होते, चिखलाची पट्टी आता हातरुमालाएवढी उरली होती. त्याने होडीवाल्यांना विचारले, "आजोबा, भरती आली की ही सगळी पाखरं जातात कुठे?"

"पलीकडं. नेरूळच्या तलावांवर." होडीवाल्यांनी वल्ह्याच्या दांड्याने दक्षिणेकडे दाखवले. मग जरा थांबून म्हणाले, "तलाव राहिलं तर."

पोराचा प्रश्न आणि म्हाताऱ्याचे उत्तर यांतच या विषयाचे मर्म आहे, आणि ते तिकिटाच्या पाठीमागे छापलेले नसते. किनाऱ्यावरच्या पाखराला दोन घरे लागतात. एक ओहोटीचे, जिथे ते जेवते, आणि एक भरतीचे, जिथे ते पाच-सहा तास उभे राहून विसावा घेते. पाण्यात पोहत राहणे टिलव्याला जमत नाही, आणि उडत राहिले तर खाल्लेले सारे जळून जाते. सैबेरियाचा प्रवास समोर असताना ही उधळपट्टी परवडत नाही. म्हणून भरतीला त्यांना खाडीच्या बाहेर, पण जवळच, घोट्याएवढ्या पाण्याची शांत जागा लागते. नवी मुंबईत सीवूड्स-नेरूळच्या बाजूला अशी तळी आहेत: एनआरआय वसाहतीमागचे पाणथळ, टी. एस. चाणक्य या नौकाविद्येच्या संस्थेमागचे पाणथळ, आणि डीपीएस तळे म्हणून ओळखले जाणारे सुमारे तीस एकरांचे तळे. ही सारी त्या १,६९० हेक्टरांच्या हद्दीबाहेर. अभयारण्य झाले ते पाखरांच्या भोजनगृहाचे; झोपायची खोली कुंपणाबाहेर राहिली.

हे आमचे नुसते म्हणणे नव्हे. २०२२ च्या जानेवारीत नॅचरल हिस्टरी सोसायटीने सहा रोहितांच्या पाठीवर लहानसे यंत्र बसवले. उपग्रहाद्वारे त्यांची जागा कळत राहते. पक्ष्यांना नावेही दिली. सलीम, हुमायून, मॅककॅन ही त्यांतली तीन, सलीम अली, हुमायून अब्दुलअली आणि चार्ल्स मॅककॅन या थोर निसर्ग-अभ्यासकांच्या स्मरणार्थ. हुमायून उन्हाळ्यात गुजरातेत भावनगरच्या बाजूस निघून गेला. आणि खाडीत असताना हे पक्षी काय करतात ते यंत्रांनी नीट दाखवले. ओहोटीला ठाण्याची खाडी, भरतीला नेरूळ-सीवूड्सची तळी, पुन्हा ओहोटीला खाडी. चाकरमान्यासारखी रोजची ये-जा.

२०२४ च्या उन्हाळ्यात डीपीएस तळे कोरडे पडले. खाडीचे पाणी आत येण्याच्या वाटा बुजल्या होत्या. भरती येई, पण तळ्यात पोहोचत नसे. त्या महिन्यांत तिथे रोहित मरून पडलेले आढळले, काही जखमी अवस्थेत सापडले. त्याच वर्षी २० मे च्या रात्री मुंबईत उतरू पाहणाऱ्या एका विमानाला रोहितांचा थवा धडकला आणि घाटकोपरच्या वस्तीत सुमारे चाळीस पक्षी मरून पडले. विमान सुखरूप उतरले. पाखरे त्या रात्री त्या वाटेने का गेली याबद्दल मतमतांतरे आहेत आणि आम्ही त्यांत पडणार नाही. पण ज्याची रात्रीची जागा हलवली जाते तो रात्री भटकणार, इतके तर कुणालाही कळते. नागरिकांनी लावून धरले, समित्या आल्या, आणि २०२५ साली राज्य वन्यजीव मंडळाने डीपीएस तळ्याला संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. एक खोली मिळाली म्हणायची. बाकीच्यांचे भांडण चालूच आहे, कारण नवी मुंबईत तीस एकर उथळ पाणी म्हणजे काय भावाची जमीन हे सांगायला नको. पाण्याकडे पाहून ज्यांना पाणी दिसत नाही, चटईक्षेत्र दिसते, अशी मंडळी आपल्या राज्यात फार.

आता वाचक विचारतील, की या नवी मुंबईच्या रडगाण्याशी आम्हा जालनेकरांचा संबंध काय? संबंध आपल्या नळापाशी आहे. जालना शहराला पाणी येते ते पैठणच्या जायकवाडीवरून. या धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी उद्घाटन केले. १९८६ साली त्याचा जलाशय, आपला नाथसागर, पक्षी अभयारण्य झाला. तिथे भरती-ओहोटी नाही असे म्हणू नका. आहे, फक्त वर्षातून एकदा. गणपती-नवरात्राच्या सुमारास भरती, मग दिवाळीपासून पाणी कालव्याने आणि नळाने ओसरू लागते ते मृगापर्यंत. उतरत्या पाण्यामागून ओली जमीन उघडी पडते, तिच्यावर शेतकरी गाळपेर करतात. आणि त्या गाळाच्या कडेला, ठाण्यात पाहिले तेच टिलवे, तेच शेकाटे, तेच चिखले, आणि वर्ष चांगले असेल तर रोहितही. पाण्याची कड रोज थोडी सरकते आणि पाखरे तिच्याबरोबर सरकतात. ठाण्याला जे सहा तासांत होते ते पैठणला आठ महिन्यांत होते.

आणि आता इथेही जागेचा प्रश्न आला आहे. या जलाशयावर तरंगते सौर पत्रे पसरून वीज करण्याची योजना पुढे आली. तिच्याविरुद्ध जलाशयावर मासेमारी करणारे लोक राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात गेले. २०२४ च्या सप्टेंबरात तिथे त्यांचे म्हणणे फेटाळले गेले, आणि २०२५ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. सूर्याची वीज वाईट असे कोण म्हणेल? कोळशाच्या धुरापेक्षा ती शतपट बरी, आणि झाकलेले पाणी उन्हाने कमी उडते हाही मराठवाड्याला लहानसा लाभ नव्हे. प्रश्न पत्रे कुठे टाकणार एवढाच. मधल्या खोल पाण्यावर टिलव्याला काही काम नाही. त्याला आणि जाळे टाकणाऱ्याला कड लागते. ती कड मोकळी ठेवण्याची अट आताच, कागदावर, स्पष्ट शब्दांत घालून घ्यायला हवी. नेरूळला आधी इमारती झाल्या आणि मग तळ्यांची आठवण झाली. पैठणला अजून आठवण आधी होण्याची सोय आहे.

हे वाचून कुणाला ठाण्याला जावेसे वाटले तर चार व्यावहारिक गोष्टी. दिवाळीच्या सुट्टीत जाऊ नका. टिलवे आलेले असतील, पण रोहित बहुधा वाटेत असतील. संक्रांतीपासून होळीपर्यंतचा काळ उत्तम. होडीची जागा आधी नोंदवावी लागते, आणि वेळ ते सांगतील तीच. "आम्ही जालन्याहून आलो आहोत" हे भरतीला सांगून उपयोग नसतो. शक्य तर संकष्टीच्या आसपासचा दिवस पाहा: नऊच्या सुमारास ओहोटी, तीनला भरती, म्हणजे बारा-एकच्या दरम्यान चढते पाणी मिळते, आणि सकाळी सावकाश निघता येते. उपास असणाऱ्यांनी साबुदाण्याचा डबा किनाऱ्यावरच संपवावा, कारण होडीत डबा उघडला की कुरव येतात. ऊन खाडीच्या पाण्यावरून दुप्पट लागते, तेव्हा टोपी हवी. भडक लाल-पिवळे कपडे नकोत. दुर्बीण नसेल तर कुणाकडून मागून न्या. ती नसेल तर टिलवे दिसणार नाहीत.

परतीच्या गाडीला वेळ असेल तर आणखी एक करा. होडीतून उतरलात की लोकलने पुढे सीवूड्सला जा आणि पूर्ण भरतीच्या वेळी त्या तळ्यांच्या कडेला उभे राहा. तिथे तिकीट नाही, जाकीट नाही, वाटाड्या नाही. मघाशी खाडीत मान खाली घालून जेवत होते तेच रोहित तिथे एका पायावर उभे असतात, मान पाठीत खुपसून, मागे बारा मजल्यांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. आमचा नातू त्यांना मोजू लागला होता. चारशे बाराला त्याची गाडीची वेळ झाली.